गुलमर्ग, औली की सोलंग? स्कीइंगचं बुकिंग करण्याआधी बर्फाचं गणित समजून घ्या

फॅमिली ग्रुपवर कुणीतरी गुलमर्गची रील टाकतं. पांढराशुभ्र उतार, रंगीबेरंगी जॅकेटमधली पोरं, मागे लाकडी हॉटेल. तासाभरात 'यंदा जायचंच' असं ठरतं, आणि रात्री बारा वाजता कुणाला तरी स्वस्त विमान दिसतं. तिकीट नॉन-रिफंडेबल असतं, पण त्याकडे लक्ष कोण देतो?

आमच्या आत्याकडे हे जानेवारी २०२४ मध्ये झालं. ठाण्याहून चौघं निघाले, त्यात दोन शाळकरी मुलं. गुलमर्गला पोचले तर समोर वाळलेलं तपकिरी गवत. मुलांसाठी नवे वॉटरप्रूफ ग्लोव्हज घेतले होते, ते टॅगसकट परत आले.

त्या जानेवारीत असं झालेलं हे एकच कुटुंब नव्हतं. ९ जानेवारी २०२४ ला ओमर अब्दुल्ला यांनी गुलमर्गचे आधीच्या वर्षांचे आणि त्या वर्षीचे फोटो शेजारी शेजारी टाकले होते. हिवाळ्यात गुलमर्ग इतकं कोरडं आपण कधी पाहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हॉटेलांची बुकिंग रद्द झाली. ज्यांचं वर्षाचं उत्पन्न या दोन-अडीच महिन्यांवर चालतं ते स्की गाइड, स्लेज ओढणारे, बूट भाड्याने देणारे दुकानदार रिकामे बसले. बर्फ आला तो महिना संपता संपता.

म्हणजे स्की ट्रिप ठरवताना 'कुठे जायचं' याआधी 'बर्फ असेल का' हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

आधी हिशोब सरळ होता

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां' असते, म्हणजे सगळ्यात कडक थंडीचा काळ. त्यानंतर वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द' आणि दहा दिवसांची 'चिल्लई बच्चा'. हिमालयात हिवाळ्यातला बर्फ आणतात ते वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणाऱ्या हवामान प्रणाली. त्या चिल्लई कलांमध्ये आल्या की पडलेला बर्फ गोठून घट्ट बसतो आणि मार्चपर्यंत टिकतो. पुढचा प्रत्येक थर त्यावर चढत जातो. स्कीइंगला हा 'पाया' लागतो. फोटोपुरता पाच-सहा इंच बर्फ स्लेजला चालतो, स्कीला नाही. खालचे दगड आणि खुंट लागतात.

आता गेल्या काही हिवाळ्यांकडे बघा. जानेवारी २०२४ कोरडा गेला. पण त्याच वर्षी २१ ते २५ फेब्रुवारीला गुलमर्गमध्ये खेलो इंडिया विंटर गेम्स व्यवस्थित पार पडल्या. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की सीझन पुढे सरकलाय, आता फेब्रुवारीतच जायचं.

पुढच्या हिवाळ्याने हा निष्कर्ष खोटा ठरवला. २७-२८ डिसेंबर २०२४ ला काश्मीरमध्ये जोरदार बर्फ पडला, इतका की श्रीनगरची विमानं रद्द झाली आणि महामार्ग बंद पडला. मात्र त्यानंतर हात आखडला. २२ फेब्रुवारी २०२५ पासून गुलमर्गला व्हायच्या खेलो इंडियाच्या स्पर्धा पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या. त्या झाल्या ९ ते १२ मार्चला.

सरकारी यंत्रणा, देशभरातले खेळाडू, महिनाभर आधी जाहीर झालेलं वेळापत्रक, एवढं सगळं असून तारीख पाळता आली नाही. मग चार महिने आधी बुक केलेल्या आपल्या चार दिवसांची खात्री कोण देणार? सीझन फक्त पुढे सरकलाय असं नाही, तो बेभरवशाचा झालाय. हे एकट्या गुलमर्गचं दुखणंही नाही. जमिनीवर बर्फ किती काळ टिकून राहतो याची मोजदाद 'इसिमोड' ही काठमांडूची संस्था करते. तिच्या २०२५ च्या अहवालात हिंदुकुश-हिमालय पट्ट्यातला हा टिकाव सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होता. २३ वर्षांतला हा नीचांक.

आपली सुट्टी आणि तिकडचा बर्फ

महाराष्ट्रातल्या शाळांचं कॅलेंडर इथे आडवं येतं. दिवाळीच्या सुट्टीत बर्फ नसतो. मे महिन्यात गंडोलाने अगदी वर गेलात तर उरलेले पट्टे दिसतात, त्यावर मुलं स्की शिकू शकत नाहीत. नाताळच्या आठवड्यात बर्फ असू शकतो, नसूही शकतो, आणि दर मात्र वर्षातले सगळ्यात चढे. फेब्रुवारीत शक्यता बरी, पण घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर विषयच संपला, २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली होती. बाकीच्यांना २६ जानेवारी किंवा १९ फेब्रुवारीची शिवजयंती धरून दोन-तीन दिवस शाळा बुडवावी लागते. माझं मत विचाराल तर प्राथमिक शाळेतल्या मुलाचे तीन दिवस बुडाले म्हणून काही बिघडत नाही, पण ते शाळेला माझ्या नावाने सांगू नका.

शिखर नाही, नवशिक्यांचा उतार बघा

रिसॉर्ट निवडताना बहुतेकांची फसगत इथेच होते.

गुलमर्गच्या प्रत्येक जाहिरातीत अफरवतचा आकडा असतो. गंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो. एवढ्या उंचीवर बर्फ नसेल असं होईल का, असं वाटतं. पण तुमची आठ वर्षांची मुलगी अफरवतवर स्की करणार नाही. ती शिकणार गुलमर्गच्या खालच्या मैदानातल्या सौम्य उतारावर, म्हणजे साधारण २,६५० मीटरवर. बर्फ कमी पडला की आधी उघडा पडतो तो हाच भाग. जानेवारी २०२४ मध्ये जे गवत दिसत होतं ते इथलंच. पहिल्या टप्प्याचं स्टेशन कोंगडोरी साधारण ३,१०० मीटरवर आहे, तिथले उतार थोडीफार स्की येणाऱ्यांसाठी. त्याच्या वरचा डोंगर म्हणजे बऱ्याच अंशी न रोलर फिरवलेला, मोकळा बर्फ. जगभरातले कसलेले स्कीअर गुलमर्गला येतात ते त्यासाठीच.

आणि तिथे धोकाही खरा आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला, खाली स्पर्धा सुरू असताना, आणखी एका हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. ही माणसं नवखी नव्हती. त्यामुळे 'दोन दिवसांत वरून स्की करत उतरवतो' असं कुणी म्हणालं तर हसून नाही म्हणा. दुसऱ्या टप्प्यावर लहान मुलांना नुसतं फिरायला नेतानाही विचार करा. काही मिनिटांत हजारभर मीटर वर चढल्यावर डोकं दुखणं, मळमळणं हे मोठ्यांनाही होतं. मुंबईहून येताना पहिली रात्र श्रीनगरला, म्हणजे सुमारे १,५८५ मीटरवर काढली तर शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो.

म्हणून हॉटेलवाल्याला किंवा टूर कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न हा: नवशिक्यांचा उतार किती उंचीवर आहे आणि आज तिथे किती बर्फ आहे? 'वर भरपूर आहे' हे याचं उत्तर नाही. आजचा व्हिडिओ मागा.

मग औली की सोलंग?

कुटुंबासाठी उताराचा आकार बघितला तर मला औली सगळ्यात आवडतं. उत्तराखंडमधलं हे बुग्याल, म्हणजे डोंगरावरचं कुरण, साधारण २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान पसरलंय. समोर नंदादेवी दिसते. पण पोचणं अवघड. डेहराडून किंवा हरिद्वारपासून जोशीमठपर्यंत गाडीने अख्खा दिवस जातो. जोशीमठ-औली रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद करण्यात आला, त्यामुळे निघण्याआधी वर कसं जायचं याची चौकशी करा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी औलीत कृत्रिम बर्फाची यंत्रणा बसवली गेली. तरीही २०२३ मध्ये तिथली राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाली. कृत्रिम बर्फालाही पाणी आणि शून्याखालची थंडी लागते. हवाच गरम असेल तर मशीन काय करणार?

सोलंग मनालीपासून जवळ आहे, साधारण २,५०० मीटरवर. खरं सांगायचं तर तिथे चालतं ते 'स्कीइंग' म्हणजे भाड्याने स्की घालून, हाताला धरून, अर्ध्या तासात फोटो. मुलांना फक्त बर्फात लोळायचंय? मग सोलंग किंवा अटल टनेलच्या पलीकडचं सिस्सू पुरे. स्की शिकायचीच असेल तर मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे किंवा गुलमर्गच्या केंद्र सरकारी 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग'चे कोर्स बघा. त्यांचे नियम आणि वयाची अट आधी तपासा.

आल्प्सचं काय? तिथे व्यवस्था उत्तम. मुलांसाठी वेगळ्या स्की शाळा, रोज सपाट केलेले उतार, रंगाने दाखवलेली काठिण्यपातळी. पण बर्फाची चिंता तिथेही आहे. २०२३ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये आलेल्या अभ्यासात युरोपातली २,२३४ स्की रिसॉर्ट्स तपासली होती. तापमान २ अंशांनी वाढलं तर कृत्रिम बर्फाशिवाय त्यातल्या ५३ टक्के ठिकाणी बर्फ कमी पडण्याचा धोका खूप जास्त असेल, असं त्यात म्हटलंय. आणि आपल्याकडची मे महिन्यातली स्वित्झर्लंड टूर, टिटलिस आणि युंगफ्राऊ, ही बर्फ बघायची टूर आहे, स्की शिकायची नाही. मुलाला हा खेळ आवडतोय का एवढंच बघायचं असेल आणि दुबईत कुणी नातेवाईक असतील तर तिथल्या मॉलमधलं 'स्की दुबई' हा वाईट पर्याय नाही. बंद छताखाली, पण उतार आणि बर्फ खरा.

पैसे कुठे अडकतात

एक दिवसाची स्की म्हणजे पैसे वाया. पहिला दिवस बूट घालण्यात आणि पडून उठायला शिकण्यात जातो. स्कीचे बूट प्लास्टिकचे, कडक असतात, मुलं हमखास रडतात. दुसऱ्या दिवशी पुढची टोकं जोडून, मागून पाय फाकवून ब्रेक मारायला जमतं. बहुतेक मुलांना मजा यायला लागते ती तिसऱ्या दिवशी. म्हणजे किमान चार दिवस उतारावर, शिवाय एक दिवस राखीव, कारण जोराचा वारा असेल तर गंडोला बंद ठेवतात आणि बर्फ पडत असेल तर विमान. डिसेंबर २०२४ मध्ये ज्यांना भरपूर बर्फ मिळाला त्यातले अनेक श्रीनगरमध्येच अडकले होते, हे विसरू नका.

बुकिंगचा क्रम उलटा करा. आधी हॉटेल, शेवटच्या काही दिवसांपर्यंत फुकट रद्द करता येईल असं. विमान तारीख बदलता येणारं, थोडं महाग पडलं तरी. आता कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारतही आहे, जून २०२५ पासून, पण तिचं तिकीट आयत्या वेळी मिळेल हे धरून चालू नका. आठ-दहा दिवस आधी हवामान विभागाचा अंदाज आणि तिथल्या इन्स्ट्रक्टरने पाठवलेला ताजा व्हिडिओ बघून 'हो' म्हणा. प्रवास विम्यात स्कीइंग धरलंय का तेही वाचा. अनेक साध्या पॉलिसी साहसी खेळ वगळतात.

घरातली आजी मात्र वेगळाच प्रश्न विचारणार, आणि तो योग्यच आहे. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात २६ जणांचा जीव गेला, त्यातले सहा महाराष्ट्रातले. त्यानंतर काश्मीरमधली ४८ पर्यटनस्थळं बंद केली गेली आणि पुढे टप्प्याटप्प्याने काही उघडली. जायचं की नाही हा निर्णय ज्याचा त्याचा. पण तो घेताना रीलवर नाही, प्रशासनाच्या ताज्या सूचनांवर विसंबा.

आत्याने पुन्हा गुलमर्गच ठरवलंय. हॉटेल रद्द होणारं, तारीख 'फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा आठवडा'. ग्लोव्हज मुलांना आता लहान होतात, ते धाकट्या मावसभावाकडे गेले. शाळेत अजून सांगितलेलं नाही.