‘द वेस्ट लँड’मधील अग्नी

टी. एस. एलियट यांच्या १९२२ सालच्या ‘द वेस्ट लँड’ या काव्याच्या शेवटी उपनिषद आले, म्हणून अभिमान बाळगणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, त्याच्या तिसऱ्या भागाचे शीर्षक तथागतांच्या आदित्तपरियाय सुत्तावरून घेतलेले आहे.

गयाशीर्षावर हे प्रवचन ऐकणारे हजार भिक्षू पूर्वाश्रमीचे अग्निपूजक जटिल होते. ज्या अग्नीस त्यांनी आहुती वाहिल्या, त्यालाच तथागतांनी राग, द्वेष व मोह यांचे रूपक केले. दैवत गेले, दृष्टांत उरला. धर्मांतर याहून वेगळे काय असते?

एलियट ‘जळणे’ हा एकच शब्द पुनःपुन्हा योजतात. अखेरची ओळ तर त्या एका शब्दाचीच, तीही पूर्णविरामाविना. जणू आग विझतच नाही. लंडनच्या यांत्रिक, प्रेमशून्य जीवनाचा अर्थ या पुनरुक्तीतून प्रकट होतो.

परंतु अर्धा दस्तऐवज वाचून निवाडा देता येत नाही, हे वकिलीने मला शिकविले. सुत्त आगीपाशी थांबत नाही. ते निर्वेद, विराग आणि विमुक्तीपर्यंत जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपल्या वडीलधाऱ्यांनी दीक्षा घेतली, ती आगीचे वर्णन ऐकण्यासाठी नव्हे, तीतून बाहेर पडण्यासाठी. काव्य अवश्य वाचा. पण सुत्त पूर्ण वाचा.