उभ्याने जाणारा दिवस

दादरच्या साडीच्या दुकानात काम करणाऱ्या नालासोपाऱ्याच्या मुलीला विचारा, दिवसभरात किती तास उभी असतेस? ती म्हणेल, नऊ-दहा. लोकलमधलं उभं राहणं ती धरतच नाही. नालासोपारा ते दादर हे अंतर साधारण 45 किलोमीटर. गाडी विरारहूनच भरून येते. त्यामुळे कित्येक जणी आधी उलट्या दिशेने विरारला जातात आणि तिथून बसून परत येतात. ज्यांना तेवढा वेळ नसतो त्या दारातल्या दांड्याला लटकून जातात आणि दुकानात पोचल्यावर पुन्हा उभ्या राहतात. संध्याकाळी तेच सगळं उलट्या क्रमाने.

गंमत म्हणजे गाडीतलं उभं राहणं दुकानातल्यापेक्षा बरं. गाडी हलते, आपण तोल सावरतो, भार या पायावरून त्या पायावर जातो. पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायात उतरलेलं रक्त वर ढकलतात. काउंटरमागे फरशीवर एका जागी उभं राहिलं की हे ढकलणं मंदावतं. रक्त खाली साचतं, घोटे जड होतात आणि घरी मोजे काढले की इलास्टिकचा वण तासभर जात नाही. दिवसभर हिंडणाऱ्या पोस्टमनपेक्षा शोरूममधली मुलगी जास्त दमते ती यामुळे. वर्षानुवर्षं हेच चाललं की काहींच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगतात. तो त्रास बुटात काही घालून जात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण तळवे आणि टाचा दुखतात, त्यावर इलाज आहे. निदान दुकानदार तरी तसं सांगतात. वसई रोड किंवा विरार स्टेशनबाहेर आलं की टपऱ्यांवर बुटात घालायचे सोल टांगलेले दिसतात. काळ्या फोमचे, निळ्या जेलचे, टोकदार उंचवट्यांचे अॅक्युप्रेशरवाले, लोहचुंबकाच्या गोळ्या बसवलेले. चुंबकाचं एकदाचं मिटवून टाकू. 2003 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी टाच दुखणाऱ्या लोकांना दोन प्रकारचे सोल दिले. काहींना खरं चुंबक असलेले, काहींना नुसतं चुंबकासारखं दिसणारं काही बसवलेले. कुणाला कुठले मिळाले ते सांगितलं नव्हतं. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. म्हणजे पैसे गेले ते चुंबकाचे, आराम पडला तो सोलचा किंवा नुसत्या दिवसांचा.

राहिला प्रश्न मऊपणाचा. तिथे बहुतेक सगळे फसतात. दुकानात उभ्या उभ्या बोटाने दाबून आपण म्हणतो, वा, किती मऊ! पण बोटाने दाबणं वेगळं आणि साठ-सत्तर किलोंनी दहा तास दाबून धरणं वेगळं. आमच्या स्टेशनजवळ बसणाऱ्या मोचीकाकांची परीक्षा साधी. सोल दोन बोटांच्या चिमटीत धरायचा. वरचं बोट सहज खालच्या बोटाला लागलं तर ठेवून द्यायचा. "ताई, हा दुपारपर्यंत चपटा होणार. मग तुम्ही पैसे देऊन पुठ्ठ्यावर उभ्या," असं ते म्हणतात. पायाला लागतो तिथे थर मऊ हवा, पण खाली आधार देणारा थर घट्ट हवा. टाचेला वाटीसारखा खळगा हवा, म्हणजे टाचेखालची चरबीची गादी बाजूंना पसरत नाही. आणि कमानीचा उंचवटा असेल तर तो तुमच्या कमानीच्या जागी यायला हवा, पुढे किंवा मागे नाही. ओल्या पायाने लादीवर उभं राहून ठसा बघितला की आपला तळवा सपाट की कमानीचा, ते ढोबळमानाने कळतं. सपाट तळव्याच्या माणसाने उंच कमानीचा सोल घेतला तर बुटात खडा घेऊन उभं राहिल्यासारखं होतं.

जेलचे सोल मला व्यक्तिशः आवडत नाहीत. जड असतात, आपल्या हवेत गरम होतात आणि बुटात सरकतात. नुसत्या टाचेखाली ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा मात्र टाचदुखीत बऱ्याच जणांना मानवतो. फक्त तो दोन्ही पायांत घालावा. एकाच पायात घातला की कंबर तक्रार करते.

या सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची वस्तू आपल्याकडे फार जुनी आहे. औषधाच्या दुकानात म्हातारी माणसं "एमसीआर चप्पल" मागतात, ती. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बारीक हवेच्या कप्प्यांनी भरलेलं रबर. त्याची गोष्ट टाचदुखीची नाही, कुष्ठरोगाची आहे. डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांच्या पायांना वारंवार जखमा का होतात, याचा त्यांनी पाठपुरावा केला. मांस रोगाने आपोआप सडत नव्हतं. पायाला संवेदनाच नसल्यामुळे एकाच जागेवर दाब पडत राहायचा आणि माणसाला ते कळायचं नाही. मग दाब सगळ्या तळव्यावर वाटून देणाऱ्या चपलांचे प्रयोग सुरू झाले, आणि त्यातून वर हे रबर आणि खाली टणक तळ अशी रचना रूढ झाली. आज मधुमेह्यांना डॉक्टर तीच चप्पल लिहून देतात. कुठलाही बरा मोची एमसीआरची शीट बुटाच्या मापाने कापून देतो, आणि नामांकित कंपनीच्या डब्यातल्या सोलच्या मानाने किंमत किरकोळ पडते.

हजारो रुपये घेऊन पायाचा साचा काढून बनवलेले सोल घ्यावेत का? ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात तयार सोल, साचा काढून बनवलेले सोल आणि नावापुरता पातळ फोम अशी तुलना होती. सुरुवातीच्या महिन्यांत खऱ्या सोलचा थोडा फायदा दिसला. वर्षभराने तिन्हींत फरक उरला नाही, आणि तयार व साच्याचे यांत तर आधीही फारसा नव्हता. पायाची ठेवणच वाकडी असेल तर गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांनी ठरवावी. कंबरदुखी टाळायला म्हणून सोल घेणार असाल तर पैसे वाचवा. त्याने ती टळत नाही, असंच आजवरचे चांगले अभ्यास सांगतात.

खरेदी संध्याकाळी करावी. पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात आणि माप खरं निघतं. बुटातला मूळ सोल निघत असेल तर तो काढूनच नवा घालायचा. त्यावर दुसरा चढवला की टाच वर येते आणि बोटं चेपतात. जुना सोल फेकू नका, त्याचंच माप ठेवून नवा कापता येतो. शिवाय टाच आणि अंगठा कुठे रुतलाय, हे तो जुना सोल दाखवतो. नवा पहिल्याच दिवशी दहा तास घालायचा नाही. दोन-तीन तासांपासून वाढवत न्यायचा. पावसाळ्यात, आपल्या वसईत पाणी तुंबतं त्या दिवसांत, दोन जोड्या असलेल्या बऱ्या. ओला सोल तसाच दुसऱ्या दिवशी घातला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्याच म्हणून समजा.

हे सगळं ज्याच्या बुटात जागा आहे त्याच्यासाठी. आमच्या सोसायटीच्या वॉचमनना एजन्सीने जे बूट दिले ते एक नंबर मोठे आहेत, कारण त्या दिवशी तेच शिल्लक होते. त्यांना सोल घातल्यावर दुहेरी फायदा झाला. शोरूममधल्या मुलींना युनिफॉर्मवर काळ्या बेली घालाव्या लागतात. त्यांत कागदही मावत नाही. वसईच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागातल्या कारखान्यांच्या गाळ्यांत सेफ्टी बूट घालणाऱ्यांचा पंजा लोखंडी टोपीत आधीच दाटलेला असतो. तिथे जाड सोल घातला तर नखं काळी पडतात. त्यांनी बुटात घालण्यापेक्षा पायाखाली काही टाकावं. लेथसमोर उभे राहणारे जुने कारागीर कोब्यावर लाकडी फळ्या टाकून घेतात, नाही तर रबरी मॅट. ते शहाणपण कुठल्या डब्यात विकत मिळत नाही.

सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाचेत सुई टोचल्यासारखी जात असतील तर ते तळव्याच्या पडद्याचं दुखणं असू शकतं. डॉक्टरांना दाखवा, पोटरी ताणायचे व्यायाम शिकून घ्या. मधुमेह असेल आणि पाय बधिर वाटत असतील तर टपरीवरचा कुठलाच सोल घालू नका, टोकदार उंचवट्यांचा तर मुळीच नाही.

आता राहिलं बसणं. उभं राहून काम करणाऱ्यांना मधल्या फुरसतीत बसता यावं अशी सोय कारखान्यात हवी, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या 44 व्या कलमात लिहिलं गेलं. इंग्लंडने तर 1899 मध्येच दुकानांतल्या दर तीन बायांमागे एक बैठक सक्तीची केली होती. आपल्याकडे दुकानांसाठी हे मागितलं ते केरळच्या सेल्सगर्ल्सनी. शिवणकाम करणाऱ्या विजी आणि त्यांची पेण्कूट्टु ही संघटना कोझिकोडच्या बाजारात आधी स्वच्छतागृहासाठी भांडली, मग बसण्यासाठी. 2018 मध्ये केरळने दुकान कायद्यात दुरुस्ती केली, 2021 मध्ये तमिळनाडूने. जर्मनीच्या सुपरमार्केटांत कॅशियर बसूनच बिल करतात. तिथलं एकही गिऱ्हाईक त्यावरून रागावून निघून गेल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या दुकानांत स्टूल असतात, नाही असं नाही. ते आपल्यासाठी असतात. परवा वसईतल्या एका कापडाच्या दुकानात मी त्यावर बसले होते आणि समोरची मुलगी तिसावी साडी उलगडत होती. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी मालकांना म्हटलं, "भाऊ, हिलाही एक द्या की." ते म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक काय म्हणेल?" दुकानात गिऱ्हाईक मी एकटीच होते. मी म्हटलं, "गिऱ्हाईकच म्हणतंय." ते हसले आणि विचारलं, "ही आकाशी पॅक करू ना?"