खालापूर ते उर्से किती वेळ लागतो, ते आधी सांगा

पुण्यात दुपारी साडेबाराचा मुहूर्त असेल, तर ट्रॉम्ब्याहून किती वाजता निघावे? या साध्या प्रश्नाचे खरे उत्तर सरकारच्या यंत्रणेत रोज जमा होते आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही. हा माझा आरोप आहे आणि तो मी पूर्ण शुद्धीत करतो आहे.

उत्तर आपल्याला मिळते ते नातेवाइकांकडून, आणि ते एकजात खोटे असते. कोथरूडची आत्या फोनवर म्हणते, "अरे, तीन तासांचा तर रस्ता! नऊला निघालात तरी मुहूर्ताआधी चहा पिऊन होईल." आत्या स्वतः मुंबईला येते ती डेक्कन क्वीनने, त्यामुळे तिचा या विषयातला अधिकार मी मानत नाही. मेहुणा सांगतो, "भाऊजी, पाचला निघा, रस्ता मोकळा मिळतो." पाचला रस्ता मोकळा असतो हा शोध फक्त आपल्यालाच लागला आहे, अशा समजुतीने शनिवारी पहाटे बोरिवलीपासून बेलापूरपर्यंतचे सगळे शहाणे एकाच वेळी गाडीला चावी लावतात आणि खालापूरच्या नाक्यावर त्यांचे संमेलन भरते. मग पुढच्या वेळी पाचचे चार होतात, चारचे साडेतीन. हळूहळू आपण आदल्या रात्रीच निघू लागतो आणि त्याला 'प्लॅनिंग' म्हणतो.

मुळात हे तीन तास आले कुठून? यशवंतराव चव्हाण एक्सप्रेसवे कळंबोलीला सुरू होतो आणि किवळ्याला संपतो. लांबी 94.5 किलोमीटर, मोटारींना वेगमर्यादा ताशी 100. कागदावर तासाभराचा हिशेब झाला. दोन्ही टोकांना अंदाजाने अर्धा-पाऊण तास चिकटवला, वर चहाची वीस मिनिटे टाकली, की झाले तीन तास. या हिशेबात ट्रॉम्बे कुठेच नाही. कोथरूडही नाही. आपण मात्र कळंबोलीत राहत नाही आणि आत्या काही किवळ्यात मांडव घालत नाही.

आमच्याकडून निघणाऱ्याची पहाट कशी असते ते बाकीच्या मुंबईला ठाऊक नाही. काळोखात सायन-ट्रॉम्बे रस्त्याला लागलात की माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडचे टँकर तुमच्या आधी जागे झालेले असतात. मानखुर्दच्या चौकात देवनारच्या डम्पिंगकडे वळणारे कचऱ्याचे डंपर लागतात, त्यांच्या मागे उभे राहून काचा वर करायच्या आणि सिग्नलची वाट बघायची. हे टँकर पुढे घाटात भेटणार आहेत हेही तेव्हाच कळलेले असते. मैत्री पार्कला बॅग घेऊन शिवनेरी बसची वाट बघणाऱ्याला निदान स्वतः क्लच दाबायचा नसतो.

वाशीच्या खाडीबद्दल मात्र तक्रार करण्यात अर्थ नाही. 1973 चा पहिला पूल, 1997 चा दुसरा, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी खुली झालेली तिसऱ्याची मार्गिका. त्याच महिन्यात मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. जिथे काम झाले तिथे झाले म्हणावे. पण अटल सेतूचे कौतुक ट्रॉम्बेकराने का करावे, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. 21.8 किलोमीटरचा हा सेतू आमच्या दक्षिणेच्या खाडीतून जातो आणि त्यावर चढायला आम्ही आधी उलटे शिवडीला जायचे, मग मोटारीचे 250 रुपये मोजायचे. ज्याला पूर्वेला जायचे आहे त्याने पश्चिमेकडून सुरुवात करावी, हा विनोद कोणाला सुचला असेल त्याचा सत्कार व्हायला हवा.

आता घाटाकडे येतो, कारण सगळे पाप तिथे आहे. 2002 मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला तेव्हा देशभर डांगोरा पिटला गेला, आणि तो काही खोटा नव्हता. देशातला पहिला सहा पदरी काँक्रीटचा द्रुतगती रस्ता होता तो. पण बोरघाटात या रस्त्याला स्वतःची पूर्ण वाट कधी मिळालीच नाही. आडोशी बोगद्यापाशी जुना मुंबई-पुणे महामार्ग येऊन त्याला मिळतो आणि खंडाळ्याला पुन्हा फुटतो. सहा पदर आणि चार पदर, मिळून दहा पदरांची वाहतूक, आणि तिला चढायला सहा पदर. तेही चढावर, वळणांवर, पावसाळ्यात दरडींच्या छायेत. दोन नळांचे पाणी एका तोटीत सोडल्यावर तोटी तुंबते हे कळायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमने बोरघाटाचा रस्ता खुला केला तेव्हा बैलगाड्यांचा जमाना होता. त्याच डोंगराने पावणेदोनशे वर्षांनी आपल्याला तोच प्रश्न घातला आणि आपण त्याला बगल देऊन फीत कापली.

बगल दिल्याचे सरकारला ठाऊक होते. म्हणून तर खोपोली ते कुसगाव हा 13.3 किलोमीटरचा 'मिसिंग लिंक' आखला गेला: दोन बोगदे, दरीवर उंच केबलचा पूल, अंतर सुमारे 6 किलोमीटरने कमी, वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी कमी. उत्तम. पण त्याचे काम सुरू झाले 2019 मध्ये. म्हणजे रस्ता पुरा झाल्यापासून सतरा वर्षे आपण अपुऱ्या रस्त्याचा पुरा टोल भरला, आणि काम सुरू झाल्यावर मुदती हलत राहिल्या त्या वेगळ्या.

दरम्यान घाटात काय होते? लोणावळ्याच्या अलीकडे चढावर एक कंटेनर डावी मार्गिका सोडून मधल्या मार्गिकेत येतो, कारण पुढचा ट्रक त्याच्याहून किंचित हळू आहे. त्याला ओलांडायला तिसरा उजवीकडे घुसतो. तिघे शेजारी-शेजारी माणूस चालेल त्या वेगाने चढतात आणि मागे तीन मार्गिका ठप्प. कुणाचे इंजिन तापते, बॉनेट उघडते. मग आपली मोटारवाली मंडळी आपले संस्कार दाखवतात: डाव्या बाजूच्या राखीव पट्टीतून सुसाट पुढे, म्हणजे जिथून क्रेन आणि रुग्णवाहिका यायची ती वाटही बंद. मागच्या सीटवर मधुमेहाचे वडील दर पाच मिनिटांनी काच खाली करून बाहेर बघतात. त्यांना काय हवे आहे ते सगळ्यांना कळते आणि कोणी बोलत नाही. बायकांनी तर आदल्या रात्रीपासून पाणी प्यायचेच नाही, हा आपल्याकडच्या प्रवासाच्या तयारीचा न बोललेला भाग. जोडून सुट्ट्या आल्या की महामार्ग पोलीस पुण्याकडून येणारी वाहने दहा-दहा मिनिटे रोखतात आणि मुंबईकडच्या मार्गिका पुण्याला जाणाऱ्यांना देतात. ते पोलीस बिचारे उन्हापावसात उभे राहून दुसऱ्यांची चूक हाताने निस्तरत असतात.

कॅमेऱ्यांचे म्हणाल तर 2024 च्या जुलैपासून ते रस्ताभर आहेत. वेग वाढला, मार्गिका तोडली, पट्टा लावला नाही, की चलन. माझा त्याला पाठिंबाच आहे. 2016 मध्ये या एका रस्त्यावर 151 माणसे मेली होती. पुढे हा आकडा बराच खाली आला तो शिस्तीच्या आणि रस्त्याच्या दुरुस्त्यांमुळेच. पण चलन घरी पोहोचते ते नंतर. उजव्या मार्गिकेतला कंटेनर त्या क्षणी डावीकडे हलवायला माणूस लागतो, आणि तो माणूस चढावाच्या प्रत्येक वळणावर असल्याचे मला दिसलेले नाही.

या गोष्टीचा सगळ्यात काळा भाग लोक विसरतात. कोंडी टाळण्यासाठी जो तो रात्रीचा प्रवास करू लागतो. डोळ्यांवर झोप, समोर ट्रकचा न पेटणारा मागचा दिवा. 14 ऑगस्ट 2022 च्या पहाटे नेते विनायक मेटे बीडकडून मुंबईला येताना माडप बोगद्याजवळ गेले. 12 फेब्रुवारी 2001 ला वाईचा प्रयोग करून परतताना अभिनेत्री भक्ती बर्वे भाताण बोगद्याजवळ गेल्या. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात हे मान्य. पण दिवसाउजेडी भरवशाने पोहोचता येत नाही म्हणून लाखो माणसांना अपरात्री रस्त्यावर ढकलणारी व्यवस्था स्वतःला निर्दोष समजत असेल, तर तिने तसे समजू नये.

आता पैशाचे बोलू. 1 एप्रिल 2023 ला मोटारीचा टोल 270 वरून 320 झाला. दर तीन वर्षांनी 18 टक्के हे सूत्र फार आधीच ठरवून ठेवलेले. रस्ता दीड तासात पार झाला तरी 320, चार तास लागले तरी 320. केंद्राने 15 ऑगस्ट 2025 पासून 3,000 रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास आणला, आणि अनेकांनी तो हौसेने घेतला. तो इथे चालत नाही, कारण हा रस्ता राज्याचा. अटल सेतूवर नाही, समृद्धीवरही नाही. थोडक्यात, ज्या रस्त्यांवरून आपण सतत जातो ते वगळून बाकी भारतभर तो उपयोगी आहे. आणि 1 एप्रिल 2025 पासून या रस्त्यावर फास्टॅगच नसेल तर टोल दुप्पट.

फास्टॅगची ही सक्ती मला मान्य आहे, आणि माझा मूळ मुद्दा इथेच आहे. अणुशक्तीनगरातले माझ्या ओळखीचे एक निवृत्त शास्त्रज्ञ काका आहेत. पुण्याला लेक दिल्यापासून ते प्रत्येक फेरीनंतर वहीत वेळ लिहितात. मी त्यांना सरासरी विचारली तर म्हणाले, "सरासरी घेऊन काय करशील? तू काय सरासरीने जाणार आहेस? सगळ्यात लवकर कधी पोचलो आणि सगळ्यात उशिरा कधी, ते विचार." वहीतला फरक बघून मी गप्प झालो. तीच गाडी, तोच रस्ता, तोच चालक. आणि एका फेरीच्या दुपटीहून जास्त वेळ दुसरीला.

काकांना जे वहीत करावे लागते ते यंत्र आपोआप करते. खालापूरच्या नाक्यावर तुमची गाडी किती वाजता गेली याची नोंद होते, उर्सेला किती वाजता पोहोचली याचीही होते. मधला घाट. प्रत्येक गाडी, प्रत्येक तास, प्रत्येक दिवस. गेल्या श्रावणातल्या शनिवारी सकाळी सातला खालापूर सोडलेल्यांपैकी निम्मे उर्सेला किती वाजता पोहोचले आणि शेवटचे किती वाजता, हे शोधायला समिती नको, सल्लागार नको. ही माहिती आपल्याच गाडीने, आपल्याच पैशाने दिलेली आहे. पण तिचा तक्ता ना नाक्यावर लावलेला दिसतो, ना टोलवाढीच्या जाहिरातीत.

"गुगल दाखवते की!" हे उत्तर मला तोंडपाठ आहे. गुगल आत्ताचे दाखवते. मुहूर्त पंधरा दिवसांनी असतो. शिवाय घाट लाल झाला की ते सगळ्यांना जुन्या महामार्गाने खोपोलीमार्गे जा म्हणते. खोपोलीचा वडा उत्तम मिळेल, पण तो रस्ता वर जाऊन त्याच घाटात मिळतो. आणि घाटातली गाठ मिसिंग लिंकने सुटली, तरी पुढे रावेत, पुनावळे, ताथवडे, वाकड हा पट्टा आहेच. चांदणी चौकाचा जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 ला पाडला, नवा उड्डाणपूल 12 ऑगस्ट 2023 ला खुला झाला, तेव्हाही 'आता सुटलो' असे आपण म्हणालो होतो. नवे काँक्रीट म्हणजे भरवसा नव्हे. भरवसा मोजावा लागतो, आणि मोजलेले चारचौघांत मांडावे लागते.

रेल्वे ते करते. डेक्कन क्वीन 1 जून 1930 पासून धावते. तिची पोहोचण्याची वेळ वेळापत्रकात छापलेली असते आणि उशीर झाला की तो मिनिटांत सांगितला जातो. प्रवासी शिव्या घालतात, पण कशाबद्दल घालायच्या ते त्यांना ठाऊक असते. रस्त्याला मात्र उशीर होतच नाही, कारण वेळ कधी ठरलेलीच नसते. इतकी सोयीची नोकरी दुसरी नाही.

म्हणून मागणी एकच. राज्य रस्ते विकास महामंडळाने खालापूर ते उर्से या टप्प्याला लागलेला वेळ दर आठवड्याला जाहीर करावा, तासवार, वारवार, दोन्ही दिशांचा. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर त्या तासाचा टोल फास्टॅगमध्ये परत जमा व्हावा. कापून घेता येतो, तर परतही करता येतो. ज्या दिवशी उशिराचे पैसे खिशातून जाऊ लागतील, त्या दिवशी घाटाच्या प्रत्येक वळणावर क्रेन उभी दिसेल.

पुढची टोलवाढ जाहीर होईल तेव्हा आमदार साहेबांना रस्ता रुंद करा म्हणून निवेदन देऊ नका, त्याचे फोटो काढून होतात. त्यांना एवढेच विचारा: मागच्या वाढीपासून आजपर्यंत खालापूर ते उर्से किती वेळ लागला, त्याचे आकडे दाखवा. आणि ते दाखवेपर्यंत वाढीव टोलाला सभागृहात विरोध करा, नाहीतर मत मागायला आमच्या गल्लीत येऊ नका.