दिवा माणूस ओळखतो का?

आमच्या घरी अब्बा रात्री अडीच-तीनला तहज्जुदसाठी उठतात. वुजूची जागा पडवीच्या टोकाला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना अंधारात बटण चाचपडत बसायला लागू नये म्हणून आम्ही पडवीत आपोआप लागणारा दिवा बसवला. माणूस आला की लागतो, दोन मिनिटांनी विझतो. अब्बा खूश झाले.

पण गल्लीतली मांजरे आली तरी दिवा लागायचा. उजेड थेट अम्मींच्या तोंडावर. आठवडाभर झोपमोड झाल्यावर आम्ही वायरमनला बोलावले. त्याने दिव्याच्या पांढऱ्या घुमटीच्या खालच्या अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावली आणि म्हणाला, "आता मांजर दिसायची नाही." खरेच दिसेनाशी झाली. आम्ही निवांत झोपू लागलो.

या घुमटीत असते काय? तिला चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. प्रत्येक उबदार शरीरातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात. घुमटीवरच्या बारीक भिंगांमुळे समोरच्या जागेचे पट्टे पडतात. उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की आतल्या सेन्सरला उष्णतेतला बदल जाणवतो आणि दिवा लागतो. मांजरीचे अंग 38 ते 39 अंश, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे गरमच. मग फरक करायचा कसा? आकारावरून आणि उंचीवरून. प्राण्यांकडे दुर्लक्ष करणाऱ्या सेन्सरच्या खोक्यावर अमुक किलोपर्यंतचा प्राणी चालेल असे लिहिलेले असते. पण सेन्सर कुणाचे वजन करत नाही. किती उष्णता, कोणत्या उंचीवर हलली, एवढेच त्याला कळते. म्हणून मांजर कपाटावर चढली की ती माणूस ठरते. आणि माणूस जमिनीवर असला तर?

याचे उत्तर आम्हाला रमजानच्या आधी एका रात्री मिळाले. वुजूला जाताना अब्बांना घेरी आली. ते खाली बसले आणि बसल्या बसल्या सरकत दाराकडे येऊ लागले. दिवा दोन मिनिटांनी विझला, तो पुन्हा लागलाच नाही. अम्मींना जाग आली ती लोटा घरंगळल्याच्या आवाजाने. अल्हम्दुलिल्लाह, कंबरेला मुका मार लागण्यावर निभावले. सकाळी दिवा तपासला, तर तो अगदी ठीक चालत होता. आम्ही शिडीवर चढून पट्टी काढत असताना अब्बांनी खालून विचारले, "मला मांजर समजला काय रे तो?" सगळे हसले. आम्हाला हसू आले नाही. पट्टी आम्हीच लावून घेतली होती.

हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वुजूच्या पाण्याकडे मांजर आली, तेव्हा तिला पिता यावे म्हणून त्यांनी भांडे तिरपे केले. मांजर नापाक नाही, ती तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे म्हणणे त्यांनी तेव्हा सांगितले. ही हदीस आम्ही मुलांना शिकवतो. आणि घरी मात्र तिचे येणे-जाणे दिसू नये म्हणून दिव्याचा अर्धा डोळा झाकला.

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे बोल. सेन्सरचा दिवा सोयीचा आहे, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. माणूस निश्चल बसला तरी तो विझतो. उन्हाळ्यात भिंती अंगाइतक्या तापल्या की त्याची नजर मंदावते. थेट त्याच्याकडे चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो, म्हणून तो वाटेच्या बाजूला लावा. शेजारी अर्ध्या वॅटचा साधा दिवा रात्रभर असू द्या. रोज दहा तास जळला तरी महिन्याला पाव युनिटही वीज लागत नाही. उठता येत नसतानाही हात पोचेल अशा उंचीवर एक घंटीचे बटण लावा.

आणि एक करा. आज रात्री सगळे दिवे मालवून त्या वाटेवर स्वतः जमिनीवर बसा, सरकत दारापर्यंत या. दिवा लागतो का पाहा. आम्ही हे आधी केले असते तर बरे झाले असते.

आता आमच्या पडवीत मांजर आली तरी दिवा लागतो. अम्मींनी खिडकीला जाड पडदा शिवला आहे.