खरेदीखताआधीचा ओटा

डोंबिवलीत घर घेणारा मनुष्य किल्ली हाती पडताच प्रथम सुताराला बोलावतो, वकिलाला नव्हे. त्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही. राहत्या घराचे भाडे, बँकेचा हप्ता आणि जूनमध्ये उघडणारी मुलांची शाळा अशा कात्रीत सापडलेल्या कारकुनाने वा शिक्षकाने खरेदीखताची वाट पाहत रिकाम्या भिंतींकडे किती दिवस बघत बसावे? विकणारा गृहस्थही सौजन्याने म्हणतो, "तोवर रंगाचे काम उरकून घ्या की!" मग रंगामागून ओटा येतो, ओट्यामागून फरशी, खिडक्यांच्या जाळ्या, पोटमाळा. साठेखत झालेले असते. काही वेळा तेही नसते, नुसता विसार दिलेला असतो.

कायदा या बाबतीत फारसा भावनाशील नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे केवळ साठेखताने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. व्यवहार खरेदीदाराच्या दोषावाचून फिसकटल्यास कलम ५५ त्याच्या बाजूने मालमत्तेवर बोजा ठेवते, पण तो त्याने भरलेल्या किमतीपुरता. ओट्याचा खर्च त्यात धरलेला नाही. आपणच मालक आहोत अशा प्रामाणिक समजुतीने सुधारणा करणाऱ्यास कलम ५१ दिलासा देते खरे, परंतु साठेखतावर सही करणाऱ्यास आपण अद्याप मालक नाही हे पुरते ठाऊक असते. उरले कलम ५३-अ. लेखी करारान्वये ताबा घेतलेल्याच्या हाती ते ढाल देते. मात्र २००१ च्या दुरुस्तीपासून करार नोंदलेला नसेल तर तीही मिळत नाही. कपाट उचलून नेता येते, कडाप्प्याचा ओटा नेता येत नाही.

याहून सूक्ष्म असे एक नुकसान आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. घरात पैसा ओतल्यावर खरेदीदार बांधला जातो. पुढे सोसायटीची थकबाकी निघाली, वारसांपैकी एकाची सही राहिली किंवा बँकेच्या वकिलाने हरकत काढली, तरी त्याला मागे फिरवत नाही. घासाघीस करण्याचे बळ विकणाऱ्याकडे जाते. किल्ली देण्याचे औदार्य नेहमीच हेतुपूर्वक असते असे नाही, परंतु परिणाम तोच होतो.

नव्या इमारतींत तर हाच प्रकार 'फर्निचरसाठी ताबा' या गोंडस नावाने चालतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावाचून विकासकाने ताबा देऊ नये आणि खरेदीदाराने तो घेऊ नये, असे १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानेच सांगून ठेवले आहे. तरीही दाखला 'येत्या महिन्यात' येणार असतो आणि सुतारकाम आज सुरू होते. आपल्या शहरात याचे टोक दिसले. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून महारेराची नोंदणी मिळविल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. नोंदणी क्रमांक पाहून, कर्ज काढून घर घेतलेली आणि सजवलेली कुटुंबे त्यांत होती. त्यांच्यावर उतावीळपणाचा ठपका ठेवणे क्रूरपणाचे होईल. जी खातरजमा शासकीय यंत्रणांनी एकमेकींकडे करावयास हवी होती, ती एका कारकुनाने आपल्या रजेच्या दिवशी करावी, ही अपेक्षाच मुळात चमत्कारिक आहे.

शेजाऱ्यांचाही प्रश्न आहे. घाटकोपरची इमारत २०१७ मध्ये कोसळून १७ जण मृत्यू पावले, तेव्हा तळमजल्यावरील फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता. डोंबिवलीतील जुन्या चार मजली इमारतींत भिंत फोडण्याचा अधिकार मालकालाही सहजी नाही; होऊ घातलेल्या मालकाला तो कोठून येणार?

काम आधी करणे अटळच असेल, तर साठेखत नोंदवावे आणि त्यातच एक कलम घालावे: कोणते काम, किती खर्चापर्यंत, आणि व्यवहार मोडल्यास तो खर्च कोणी द्यावयाचा. सोसायटीचे पत्र घ्यावे. विकणारा या कलमाला कां कू करू लागला, तर सुताराला मापे घेऊन परत पाठवावे. नव्या इमारतीच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागणार नाही. तेथे भोगवटा दाखल्याआधी किल्ल्या वाटणाऱ्या विकासकावर महापालिकेने आपण होऊन कारवाई केली पाहिजे, आणि ती पहिले कुटुंब राहावयास येण्यापूर्वी.