पेरू आजाऱ्यालाच कशाला?

आपल्या घरात फळ कधी येतं? कुणी दवाखान्यात अ‍ॅडमिट झालं की! वॉर्डात ड्युटीला होते तेव्हा हे रोज पाहायचे. कॉटशेजारी फळांची पिशवी, आणि ती आणणाऱ्या बाईची नखं पांढरीफटक. फळ आजाऱ्याचं, उरलं तर लेकरांचं. तिचा नंबर लागतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्यात आपल्या वस्तीतल्या किती, ते नखं बघूनच कळतं.

म्हणून माझं म्हणणं, थंडीत फळाचं गरम गोड करा. सबंध पेरू एकाच्याच हातात जातो. पातेल्यातलं गोड मात्र वाटीवाटीनं सगळ्यांना वाढावं लागतं, मागून जेवणारीलाही.

शिक्रापूरच्या बाजारात या दिवसांत पेरू मिळतो, बाजरी घरात असतेच. चार पिकलेल्या पेरूंच्या बिया काढून फोडी करा, जाड बुडाच्या पातेल्यात थोडा गूळ घालून पसरा. वाटीभर बाजरीचं पीठ खमंग भाजा, त्यात दोन चमचे तूप आणि थोडा गूळ चोळून फोडींवर भुरभुरा. झाकण घालून तव्यावर ठेवा, मंद आचेवर वीसेक मिनिटं. खाली रस सुटतो, वरचं पीठ खुसखुशीत राहतं. परदेशात असाच पदार्थ ओव्हनमध्ये भाजतात, त्याला क्रंबल म्हणतात. आपल्याला ओव्हन लागत नाही.

१ जानेवारीला विजयस्तंभाला येणारे पाहुणे आपल्याकडे उतरतात. नव्या वर्षाचा म्हणून त्यांच्यापुढे बेकरीचा क्रीमचा केक ठेवतो. त्या क्रीममध्ये बहुतेक वेळा साखर आणि डालडाच असतो. त्यापेक्षा हे स्वस्त, आणि पोटभरीचं.

आता नर्स म्हणून सांगते. गुळानं रक्त भरतं हा समज सोडा. त्यातलं लोह थोडंच, गूळही साखरच. शुगरवाल्यांनी दोन चमच्यांवर थांबावं. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. बाजरीतलं लोह अंगी लागायला पेरूतलं क जीवनसत्त्व मदत करतं, पण शिजवताना ते बरंचसं जातं. म्हणून दोन-चार फोडी कच्च्याच ठेवा, वाढताना वर घाला. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा लोह अडवतो, तासभर तरी थांबा.