उसाचा फड आणि शाळेचा फळा

वर्गातली गैरहजेरी हा विद्यार्थ्याचा दोष मानायचा की शाळेच्या वेळापत्रकाचा, हा प्रश्न जालना जिल्ह्यात दर दिवाळीच्या सुमारास नव्याने उभा राहतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, फेडण्यासाठी कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात, आणि या कोयत्यामागून गेलेल्या मुलाचे शाळेचे अर्धे वर्ष पाचटात जाते.

यावर योजलेल्या उपायांत हंगामी वसतिगृह सर्वांत शहाणपणाचे आहे, कारण त्यात मूल गावातच आजी-आजोबांच्या मायेत राहते, त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती पाहते आणि हजेरीपटावरचे नाव टिकते. ज्यांना जावेच लागते त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड असते, जे दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येते.

त्याच घरात दुसरा विद्यार्थीही असतो. केंद्राच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात 15 वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात, आणि त्यांत शाळकरी मुलेही असतात. 17 मार्च 2024 रोजी राज्यात झालेली त्याची चाचणी 150 गुणांची होती: वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50. मोळ्यांचा आणि उचलीचा हिशेब आयुष्यभर तोंडी ठेवलेल्या आजीला संख्या शिकवावी लागत नाही, ती कागदावर कशी दिसते एवढेच दाखवावे लागते. ती अडते सहीतल्या जोडाक्षरावर, आणि ते गिरवताना नातीने हात धरला तर तिचा संकोच गळून पडतो. प्रौढांच्या वर्गाला अक्षरांच्या अवघडपणापेक्षा हा संकोचच अधिक मारक ठरतो. मात्र चाचणीसाठी मार्च महिना निवडताना, अनेक कोयते तेव्हा फडातच असतात याचा विचार व्हायला हवा होता.

गैरहजेरीचा हाच प्रश्न परदेशातल्या आपल्या मराठी मंडळापुढेही आहे. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत सहा आणि बारा वर्षांची मुले एकाच बाकावर बसतात, आणि खेळांचे सामने सुरू झाले की पट रोडावतो. ऊसतोडीपुढे हे कारण किरकोळच, तरीही महिन्याभराने परतलेल्या मुलाला काय येते याची नोंद शिक्षकाकडे असणे इथेही तितकेच गरजेचे आहे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना वर्गाबाहेर ताटकळत ठेवण्याऐवजी नातवंडाशेजारी बसवले, तर एकाच वहीत एका पानावर नातवाची बाराखडी आणि दुसऱ्या पानावर आजीने उतरवून घेतलेल्या बसथांब्यांच्या पाट्या दिसू लागतील.